बुडबुडे थांबले, तरी पेडल मऊच

जाम घाटातल्या एका वळणावर ब्रेकचं पेडल पायाखालून निघून गेलं. अगदी तळाला टेकलं नाही, पण पाय नेहमी जिथे अडतो ती जागा ओलांडून खूप खाली गेलं आणि गाडी मात्र होती त्याच वेगात. पाय उचलून दोनदा झटपट दाबला तेव्हा कुठे पेडल वर आलं आणि गाडी सावरली. मागच्या सीटवर आई होती, मांडीवर दशम्यांचा डबा घेऊन. तिला काही कळलं नाही. मी दुसरा गिअर टाकला, पुढे रस्ता जरा रुंद होता तिथे गाडी कडेला घेतली आणि "इंजिन तापलंय, थोडं थांबू" असं सांगून अर्धा तास थांबले. हात थरथरत होते.

मे 2025 ची गोष्ट. अहिल्याबाईंच्या जन्माला 300 वर्षं पूर्ण झाली त्या महिन्यात आईला महेश्वरला जायचंच होतं. इंदूरहून महूमार्गे जाम गेटकडे निघालो होतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आणि नर्मदेचा काठ त्याच्या कितीतरी खाली. ती सगळी उतरण त्या घाटात थोड्याशा अंतरात उरकते. त्यात मेचं ऊन. अर्ध्या तासानं पेडल बऱ्यापैकी परत आलं. उरलेला घाट गिअरवर उतरले. महेश्वरच्या घाटावर आईनं नर्मदेत पाय बुडवले, मी दिवसभर परतीचाच विचार करत होते. परत येताना चढ असल्यामुळे ब्रेकचं काम कमी, एवढाच दिलासा.

गाडी बाबांची, 2004 ची मारुती झेन. ते गेल्यापासून मीच चालवते. गाडीचं प्रत्येक काम ते एका लांबट वहीत लिहून ठेवत. घरी आल्यावर ती वही काढली. ब्रेक ऑइल बदलल्याची शेवटची नोंद 2018 ची. त्यानंतर मी इंजिन ऑइल बदललं, टायर बदलले, बॅटरी बदलली. ब्रेक ऑइलचा विचार एकदाही केला नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 3 या प्रकारचं ऑइल नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. ओल मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155. घाटात सतत ब्रेक दाबत उतरलं की कॅलिपर, म्हणजे चाकाच्या चकतीला पॅडनं पकडणारा भाग, इतका तापतो की जुन्या ऑइलची तिथल्या तिथे वाफ होऊ लागते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे पायाचा सगळा जोर वाफ दाबण्यात खर्च होतो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. थंड झालं की वाफेचं परत ऑइल होतं आणि पेडल परत येतं. अर्धा तास थांबल्यावर झालं ते हेच.

बॉनेट उघडलं तर ऑइलची पातळी खालच्या रेघेच्याही खाली. पुढच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओलसर होती, बोट लावलं तर चिकट. कॅलिपरचं सील झिरपत होतं. म्हणजे काम दुहेरी: पुढच्या दोन्ही कॅलिपरना नव्या सीलचं किट टाकायचं आणि सगळं ऑइल बदलून नळ्यांत शिरलेली हवा काढायची.

हे काम मी स्वतः करायचं ठरवलं त्याला कारण आहे. लहानपणी बाबा गाडीखाली असायचे आणि पेडल दाबायचं काम माझं असायचं. "दाब", "दाबलं", "सोड", "सोडलं" ही आमची रविवारची बोली होती. हवा का काढतात, कशी काढतात, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. शिवाय ज्या पेडलवर माझी आई आणि माझा मुलगा विसंबून बसतात, त्यात काय झालंय ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

लोकमान्य नगरातल्या आमच्या घराचा पोर्च एका गाडीपुरताच आहे. शुक्रवारी सकाळी पुढचा भाग उचलून स्टँडवर घेतला, मागच्या चाकांना अडणी लावली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे बाबांचं पहिलं वाक्य असायचं. चाकं काढली. पॅडच्या पत्र्याच्या क्लिपा कुठे कशा बसतात ते विसरायला होतं म्हणून दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले. पुढे याच फोटोंनी मला वाचवलं. दोन्ही कॅलिपर सोडून किट टाकायला दिले. संध्याकाळी ते एकाच पिशवीत परत आले, धुऊन, घासून, चकचकीत. कॅलिपरपर्यंत ऑइल नेणाऱ्या जुन्या रबरी होजना बारीक भेगा होत्या, म्हणून त्याही नव्या आणल्या. होज कॅलिपरला जिथे जोडते त्या बोल्टखालचे तांब्याचे वायसरही नवे घेतले. जुने एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत आणि तिथून झिरपू लागतं.

बसवताना नव्या होजना थोडा पीळ पडत होता. रबर नवं आहे, चार दिवसांत सरळ होईल, असं म्हणून पुढे गेले.

ऑइल डॉट 4 आणलं. टाकीच्या झाकणावर डॉट 3 लिहिलेलं होतं, पण डॉट 4 त्याच जातीचं आणि त्याच्या वरचं, चालतं. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. नावं इतकी सारखी आहेत की दुकानात डब्यावरचं नीट वाचूनच घ्यावं. डबा हलवायचा नाही, ओततानाही सावकाश धार धरायची, नाहीतर ऑइलमध्येच बारीक हवा कालवली जाते. बंपरवर किंवा मडगार्डवर थेंब पडला तर रंग उतरतो. म्हणून पाण्याची बादली शेजारीच ठेवली होती. लगेच पाणी ओतलं की ते धुऊन जातं.

शनिवारी मुलगा क्लासला गेला होता. म्हणून एकटीनं करता येईल अशी पद्धत निवडली. सियागंज बाजारातून व्हॅक्युमचा हातपंप आणला, मत्स्यालयाच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली. नळी हवा काढायच्या निपलवर जाईना, तेव्हा तिचं टोक गरम पाण्यात धरून मऊ केलं आणि सरकवलं. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं आणि पेडलचा जोर ऑइलवर देणारा मास्टर सिलिंडर त्याच बाजूला, म्हणून ते चाक सगळ्यात लांबचं. लांबून जवळ, हा नेहमीचा क्रम. काही गाड्यांच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिलेला असतो, तिथे पुस्तिकेचं ऐकावं. एबीएस असलेल्या गाड्यांत तर कधीकधी आतला पंप चालवायला स्कॅनर लावावा लागतो. आमच्या गाडीत ते नाही.

पंप मारला, निपल पाव फेरा सैल केलं आणि नळीत ऑइल आलं. त्याच्यासोबत बुडबुडे. आधी काळपट तपकिरी ऑइलमधून, मग नव्या पिवळसर ऑइलमधून. सोड्याची बाटली उघडल्यावर उठतात तसे बारीक, एकसारखे, न थांबणारे. मी पंप मारत राहिले. टाकीत ऑइल घालत राहिले. एका चाकावर दहा मिनिटं, वीस मिनिटं. बुडबुडे थांबेनात. दुसऱ्या चाकावर गेले, तिथेही तेच. या नादात एकदा टाकीकडे दुर्लक्ष झालं, पातळी तळाला गेली आणि मास्टर सिलिंडरमध्ये हवा गेली. मग सगळं पहिल्यापासून. अंधार पडला तेव्हा अर्ध्या लिटरचा एक डबा संपून दुसरा निम्मा झाला होता. गाडीत बसून पेडल दाबलं. गादीवर पाय ठेवावा तसं. खाली जातं, पुन्हा वर ढकलतं, कुठेच ठाम अडत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर काका राहतात. रोडवेजच्या डेपोत आयुष्य घालवलेले. गुडघ्यांमुळे आता खाली उतरत नाहीत, पण गॅलरीतून त्यांचं सगळं लक्ष असतं.

"अगं, किती ऑइल गेलं?"

"पाऊण लिटर झालं काका."

"आणि बुडबुडे?"

"थांबतच नाहीत. सकाळपासून तसेच येताहेत."

"मग विचार कर. पाऊण लिटरभर हवा बाहेर काढलीस, तर पेडल बदलायला नको का? बोटभर तरी? बदललं का?"

नव्हतं बदललं. मी तशीच जमिनीवर बसून राहिले. एवढ्याशा गाडीच्या ब्रेकमध्ये सगळं मिळून ऑइल मावतं अर्ध्या लिटरच्या आसपास. दिवसभर हवा येत राहिली तर ती आत होती कुठे? आणि गेली असेल तर पेडलला कळलं कसं नाही?

"निपलच्या आट्यांना ग्रीस लाव," काका म्हणाले. "बाहेरून, बुडाशी. मग बघ."

निपल म्हणजे आतून पोकळ असलेला आट्यांचा बोल्ट. त्याचं निमुळतं टोक आतल्या जागेवर घट्ट बसलेलं असतं तेव्हा मार्ग बंद. तो सैल केला की टोक उचलतं आणि ऑइल टोकाजवळच्या भोकातून पोकळीत शिरून नळीत येतं. पण सैल केल्यावर आट्याही सैल होतात. बाहेरून व्हॅक्युमनं ओढलं की जिथून सोपं पडेल तिथून येतं, आणि आट्यांमधून बाहेरची हवा येणं सगळ्यात सोपं. म्हणजे मी दिवसभर पोर्चमधली हवा आट्यांच्या फटीतून ओढून नळीत बघत होते.

बॅटरीच्या उजेडात निपलच्या बुडाशी जाड ग्रीस लिंपलं. पंप मारला. बुडबुडे एकदम विरळ झाले, मग जवळजवळ नाहीसेच. ग्रीस पुसून टाकलं, पुन्हा तेच फेसाळ ऑइल. पुन्हा लिंपलं, पुन्हा स्वच्छ. तीन वेळा करून बघितलं, कारण विश्वास बसत नव्हता. आट्यांवर टेफ्लॉन टेपचा एखादा वेढा दिला तरी हेच होतं, मात्र टेप आट्यांवरच हवी. टोकावर किंवा भोकावर गेली तर तुकडे आत जातात आणि निपल नीट बंद होत नाही.

त्या रात्री दोन प्रकारचे बुडबुडे ओळखायला शिकले. आट्यांतून येणारे बारीक, एकसारखे, सतत, आणि ते निपलच्या तोंडाशीच जन्माला येतात. आतून येणारे मोठे असतात, गटागटानं येतात, मध्येच स्वच्छ ऑइल, मध्येच अचानक नळीभर रिकामी जागा. आणि ते आले की पुढच्या वेळी पेडलमध्ये फरक जाणवतो.

रविवारी पोहे खाऊन मुलाला पेडलवर बसवलं. दोघांनी करायची जुनी पद्धत. यात आतून दाब असतो, ऑइल बाहेर ढकललं जातं, त्यामुळे आट्यांतून हवा आत येत नाही. अट एकच: पेडल सोडायच्या आधी निपल बंद झालं पाहिजे. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये, जिथवर पिस्टन रोज जातो त्याच्या पुढच्या भागात गंज आणि कचरा साचतो. पेडल एकदम तळापर्यंत नेलं तर सील त्या खरखरीत भागावर घासतात आणि कापले जातात.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव." निपल सैल. नळीतून ऑइल. निपल बंद. "सोड. हळू."

"सोडलं."

सुरुवातीला तो भराभर पंप मारत होता. त्याला थांबवलं. भराभर मारलं की मोठा बुडबुडा फुटून त्याचे शंभर बारीक होतात आणि ते ऑइलमध्येच तरंगत राहतात. सावकाश दाबायचं, सोडल्यावर चार-पाच सेकंद थांबायचं. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवलं होतं. चार दाबांनंतर टाकी बघायची, हा नियम केला.

चारही चाकं झाली. चारही नळ्यांत एकही बुडबुडा नाही. मधासारखं स्वच्छ ऑइल. "झालं!" म्हणून मुलगा बाहेर यायला निघाला. मी त्याला म्हटलं, एकदा दाबून बघ.

त्यानं दाबलं. माझ्याकडे बघितलं. "आई, मऊच आहे."

शनिवारी निदान बुडबुडे होते, शोधायला काहीतरी होतं. आता नळी स्वच्छ आणि पेडल तसंच.

सुटा भाग घ्यायला गेले तेव्हा एका दुकानदारानं ऐकून लगेच निकाल दिला होता: "मॅडम, मास्टर गया इसका. बदल डालो, टेंशन खतम." मास्टर सिलिंडर बदलणं म्हणजे खर्च आणि पुन्हा सगळी हवा पहिल्यापासून. बदलण्याआधी तपासता येतं हे मला माहीत होतं. पेडलवर एकसारखा मध्यम दाब ठेवून मिनिटभर थांबायचं. मास्टरचं सील आतून गळत असेल तर पेडल हळूहळू खाली सरकत जातं. माझं पेडल मऊ होतं, पण जिथे थांबायचं तिथे थांबून राहत होतं. मास्टर गेलेला नव्हता.

मग हँडब्रेक ओढून पेडल बघितलं. थोडं वर आलं. म्हणजे मागच्या चाकांच्या ड्रममध्ये, आतून दाबणारे शू आणि ड्रम यांच्यात अंतर जास्त आहे आणि पेडलचा पहिला प्रवास तेवढं अंतर मिटवण्यात जातो. ड्रम काढून साफ केले, ॲडजस्टर फिरवून शू जवळ आणले. चाक फिरवलं तर किंचित घासल्याचा आवाज येईल इतपत. पेडल आता आधीपेक्षा वर अडायला लागलं, पण जिथे अडायचं तिथे मऊच. लांब जाणारं पेडल आणि मऊ पेडल ही दोन वेगळी दुखणी आहेत. लांब जातं पण शेवटी दगडासारखं अडतं, तर अंतर जास्त आहे. कुठेही अडलं तरी स्प्रिंगसारखं परत ढकलत असेल तर आत हवा आहे. माझ्या गाडीत दोन्ही होतं, त्यातलं एक आता गेलं होतं.

म्हणजे हवा होतीच. निपलपर्यंत येत नव्हती, एवढंच.

काकांनी वरून दोरीला पिशवी बांधून होज दाबायचे दोन चिमटे सोडले. गोल, गुळगुळीत जबड्यांचे. साध्या पकडीनं होज दाबली तर आतून चिरते, म्हणून हेच वापरायचे आणि तेही तपासण्यापुरते. पुढच्या दोन्ही होज दाबून बंद केल्या आणि पेडल दाबलं.

दगड. इतकं ठाम पेडल मी कित्येक वर्षांत पायाखाली अनुभवलं नव्हतं. मास्टर ठीक, मागची दोन्ही चाकं ठीक. दोष पुढे.

डावा चिमटा सोडला: मऊ. तो पुन्हा लावून उजवा सोडला: मऊ. दोन्हीकडे सारखंच.

या "सारखंच" पाशी मी अडले. एखादं सील वाईट निघालं असतं, एखादा वायसर नीट बसला नसता, तर एका बाजूला दोष दिसला असता. दोन्ही बाजूंना एकाच मापाचा दोष असेल तर तो भागात नाही, कामात आहे. मी दोन्ही बाजूंना काहीतरी एकच केलं होतं. काय केलं होतं? कॅलिपर काढले होते आणि बसवले होते.

मोबाइल काढला. शुक्रवारचा डाव्या बाजूचा फोटो. मातकट कॅलिपर, पॅडच्या क्लिपा, आणि वरच्या कोपऱ्यात निपलची रबरी टोपी. होजचा जोड तिच्या खाली. मग मान वाकवून समोरच्या कॅलिपरकडे बघितलं. चकचकीत, स्वच्छ. होजचा जोड वर. निपल खाली.

उजवीकडे जाऊन बघितलं. तिथेही निपल खाली.

डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे. एका पिशवीतून आलेले दोन सारखे दिसणारे तुकडे, पकडीच्या बोल्टांवर दोन्ही बरोबर बसले, पॅड बसले, चाक फिरलं. फक्त उलटे. होजचा पीळ हेच सांगत होता आणि मी त्याला नव्या रबराचं कारण दिलं होतं.

उपडा तांब्या पाण्यात सरळ दाबला तर आतली हवा तांब्याच्या बुडाशी अडकून राहते, पाणी कितीही असो. कॅलिपरमध्ये तेच झालं होतं. हवा हलकी, ती वरच्या बाजूला जाऊन बसणार. निपल वर असतं ते याचसाठी. माझ्या गाडीत वर निपल नव्हतंच. मी मारलेलं प्रत्येक पेडल होजमधून ऑइल आत ढकलत होतं आणि ते ऑइल खालच्या निपलमधून स्वच्छ बाहेर येत होतं. वरची हवा जागची हलत नव्हती. शनिवारी ज्या बुडबुड्यांच्या मागे दिवस घालवला ते आत नव्हतेच, आणि जे आत होते त्यांतला एकही रविवारी दिसला नाही.

काकांना ओरडून सांगितलं. ते गॅलरीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मी आधी विचारायला हवं होतं, निपल वर आहे ना म्हणून."

एक उपाय असाही आहे की कॅलिपर न बदलता नुसता पकडीतून सोडवायचा, पॅडच्या मध्ये जाड लाकडी तुकडा घालायचा म्हणजे पिस्टन बाहेर निसटत नाही, आणि कॅलिपर हातात उलटा धरून, निपल वर करून हवा काढायची. हवा निघते. पण पुढच्या वेळी कोणी हवा काढायला बसेल तेव्हा हाच घोळ त्याच्या वाट्याला येईल, आणि तोपर्यंत तो माझा मुलगाच असेल. दोन्ही कॅलिपर पुन्हा सोडले.

बाजार बंद, तांब्याचे वायसर संपलेले. सोमवारी ऑफिसातून येताना आणले, सोबत ऑइलचा नवा डबा. उघडलेला डबा ओल ओढत राहतो, म्हणून आधीच्यातलं उरलेलं वापरलं नाही. बसवण्याआधी सेंटर पंचनं कॅलिपरच्या अंगावर खुणा केल्या: डाव्यावर एक ठिपका, उजव्यावर दोन. होज जोडली तेव्हा ती आपोआप सरळ, मोकळी लोंबली. पीळ नाही.

सात वाजता मुलगा पेडलवर बसला. आईही पोर्चच्या पायरीवर येऊन बसली, हातात वाटाण्याच्या शेंगा घेऊन. आधी मागची दोन चाकं उरकली, मग पुढचं डावं.

"दाब. धरून ठेव."

निपल सैल केलं. पहिल्यांदा नुसती हवाच. नळीत ऑइल आलंच नाही, एक फुसकारा आणि बाटलीच्या तळातून अंगठ्याएवढा बुडबुडा गुडगुडत वर आला. बंद. सोड. पुन्हा. आता थोडं ऑइल, मग बोटभर लांबीची रिकामी जागा नळीतून सरकत गेली, मग पुन्हा ऑइल. तिसऱ्या वेळी चार मोठे बुडबुडे. चौथ्या वेळी दोन. सातव्या दाबानंतर काही नाही. कॅलिपरवर रबरी हातोडीनं हलके ठोके मारले, कडेला चिकटलेले सुटावेत म्हणून. अजून एक लहानसा आला, मग नळी स्वच्छ. उजवीकडे हेच, थोडं कमी.

"आई," मुलगा आतून म्हणाला, मी अजून खालीच होते, "खाली जातच नाहीये."

मी हात पुसून त्याच्या जागी बसले. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबलं, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्युमचा साठा संपतो आणि पेडलचा खरा स्वभाव कळतो. वरच अडलं, ठाम. दाबून धरून इंजिन चालू केलं, तर किंचित खाली बसून थांबलं. बूस्टर काम करू लागला की असंच व्हायला हवं. मिनिटभर दाब ठेवला. सरकलं नाही. पाय काढला आणि तशीच बसून राहिले. मग आईला हाक मारली आणि तिच्याकडूनही पेडल दाबवून घेतलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा ब्रेकचं पेडल दाबलं. "चांगलं घट्ट आहे," म्हणाली.

चाकं चढवली, नट आवळले. निपलवर रबरी टोप्या घातल्या, कारण त्या नसल्या तर भोकात माती जाऊन ती बसते आणि पुढच्या वेळी उघडत नाही. सगळ्या जोडांवर पाणी ओतून पुसून काढलं. आमच्या गल्लीतच, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून दहा-बारा वेळा थांबून बघितलं. मग दुसऱ्या गिअरमध्ये. गाडी कुठल्याच बाजूला ओढत नव्हती.

रात्री चारही चाकांखाली वर्तमानपत्राची पानं पसरली. टाकीवर पेननं पातळीची रेघ मारली. वहीत बाबांच्या 2018 च्या नोंदीखाली लिहिलं: दोन्ही कॅलिपर किट, होज, ब्रेक ऑइल डॉट 4, सगळं नवं. त्याखाली कंसात: डावा एक ठिपका, उजवा दोन, निपल वर.

सकाळी सहाला उठून आधी पोर्चमध्ये गेले. चारही पानं कोरडी होती. ऑइल रेघेला टेकून होतं. काका गॅलरीत चहा पीत उभे होते. मी पानं उचलून त्यांना दाखवली आणि त्यांनी मान डोलावली.